सुईणबाईंनी न झाकलेलं पान

सुईणबाईंचा हात असा हलका, की बाळंतीण कळा विसरायची. जीभही गोड होती, पण दुखावली की मग विचारू नका! चाळीस वर्षांतल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद त्यांनी वहीत ठेवली होती : तारीख, वेळ, आई कोण, मूल कुणाच्या ओटीत गेलं. हा शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच. एका पानावर मात्र तो भरलेला, आणि तिथे नाव त्यांच्या धाकट्या जावेचं. जावेचा तिशीतला मुलगा तिच्या पोटचा नाही, हे दीर गेल्यापासून या दोघींनाच ठाऊक. वहीत ते लिहिलंय, हे तर जावेलाही माहीत नव्हतं.

ग्रंथालयाने लोकांच्या घरातल्या जुन्या वह्या स्कॅन करून संगणकावर ठेवायचं काढलं. बाई त्या पानात चिठ्ठी खोचूनच गेल्या. बरोबर जाऊही निघाली, मिरवायला.

ग्रंथपालाने परवानगीचा कागद वाचून दाखवला. "वह्या तुमच्याच राहतील. कुठली पानं झाकायची ते इथे लिहा. बाकीची सगळ्यांना खुली."

बाईंनी पेन उचललं, तशी जाऊ खिदळली. "झाकायचं काय, जाऊबाई? चोऱ्या केल्यात की काय? ते कोंबडीचे पाय वाचणार तरी कोण! जन्मभर लोकांची पोरं काढलीत, तुमची कूस मात्र..."

पुढचं ती गिळून बसली. पण बाण सुटला होता. ग्रंथपाल उगाच शिक्का पुसू लागला.

बाईंनी चिठ्ठी मुठीत चुरगाळली. परवानगीच्या कागदावर लिहिलं, 'एकही नाही.' एकेक अक्षर मोत्यासारखं! खाली सही ठोकली.

महिन्याभरात मुलाने ते पान वाचलं. जाऊ ते झाकून घ्यायला ग्रंथालयात धावली, तर उत्तर मिळालं, "मालकिणीचं लेखी पत्र आणा." पत्र लिहून घेऊन ती बाईंच्या दारात आली.

"सही करा हो, पाया पडते!"

"केली असती गं. चष्माच सापडत नाही."

चष्मा बाईंच्या नाकावर होता.

"माझा मुलगा सकाळपासून घरी नाही, जाऊबाई."

"कसा असेल? आईचा पत्ता विचारायला आला होता. दिला मी."