अंगठ्याला बांधलेली दोरी

सत्तरच्या दशकात मला पहिली नोकरी लागली ती गोदावरीच्या पलीकडच्या एका खेड्यात. शाळा दोन खोल्यांची, मास्तरीण मी एकटी. राहायला गंगाखेडात भाड्याची खोली, आणि पावसाळा लागला की माघ उजाडेपर्यंत रोज नावेनं ये-जा. वाचनाचं वेड म्हणाल तर अंतराळयानाच्या गोष्टींचं. बाकीच्या बायका वाचनालयातून घरगुती कादंबऱ्या न्यायच्या, मी मात्र ग्रहताऱ्यांत हिंडणाऱ्या जहाजांची पुस्तकं उचलायची. ग्रंथपाल माझ्याकडं बघून चष्मा पुसत राहायचे. पुसा म्हणावं, मला काय!

त्या गोष्टींत दोन माणसं ठरलेली. वर काचेपाशी कप्तान, खाली यंत्रघरात इंजिनिअर. कप्तान म्हणणार, आणखी वेग दे. इंजिनिअर म्हणणार, शक्य नाही, इंजिन फुटेल. मग ते शक्य व्हायचंच. हे दोघं भांडायला लागले की मी चुलीवरचं दूध विसरायची. कितीदा उतू घालवलं, त्याला गणती नाही.

आमच्या नावेवरही असे दोघं होते. कप्तान म्हणजे नावाडी, सगळे त्यांना मामा म्हणायचे. भोयाच्या घरचे, नदीच्या काठावरच म्हातारे होत आलेले. इंजिनिअर म्हणजे मिस्त्री, पलीकडच्या बौद्ध वस्तीतला, परभणीच्या कापसाच्या जिनिंगात हात काळे करून शिकलेला. दोघांची भाकर एकाच फडक्यात बांधलेली असायची. नाव लाकडी, आणि तिच्यात विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बसवलेलं. मामा मागं सुकाणू धरून उभे, आम्ही पुढं बसलेलो आणि मधे इंजिन. कुणाचा पदर पट्ट्यात जाऊ नये म्हणून इंजिनाभोवती पत्र्याचा आडोसा होता. मिस्त्री त्या आडोशात मामांकडं पाठ करून बसायचा. त्याला ना नदी दिसायची, ना काठ.

आणि धडधडाट असा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून मामांनी मिस्त्रीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एक सुतळीची दोरी बांधली होती, दुसरं टोक आपल्या मनगटाला. एकदा ओढली की हळू, दोनदा ओढली की जोरात, तीनदा ओढली की बंद. एवढ्यावर ते जहाज चालायचं. मी तर बघून खूश! असलं यंत्र माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं.

नाव भरेपर्यंत काठावर मी त्यांना गोष्टी वाचून दाखवायची. मिस्त्रीला कप्तानाचा लय राग.

"इंजिन तापायलंय, अन् हा वर उभा राहून हुकूम सोडायलाय! एकदा खाली येऊन हात लावून बघ म्हणावं की."

"त्यो खाली आला तर जहाज काय तुझा बाप हाकंल?" मामा म्हणायचे, आणि दोघंही खदाखदा हसायचे.

इथं माझी अक्कल गहाण पडली. एका पुस्तकावर इंजिनिअरचं चित्र होतं, गुडघ्यापर्यंत बूट घातलेला. आपला मिस्त्री अनवाणी, हे काही मला बघवेना. परभणीहून भावाचे जुने गमबूट आणले आणि म्हटलं, "अनवाणी इंजिनिअर कुठं असतो का?" मिस्त्रीनं नको नको म्हटलं, पण मास्तरीणबाईंचा शब्द कोण मोडणार? बूट चढवले. दोरी बुटावरूनच घोट्याला बांधली.

भाद्रपदातली सकाळ होती, नदी दुथडी, पाणी गढूळ. नावेत आम्ही अकराजण, त्यात एक बाई पदराखाली तान्हं घेऊन. पैलतीराच्या अलीकडं पाण्याखाली खडकांची रांग आहे. तिथं इंजिन बंद करायचं आणि मामांनी लांब बांबू टेकवून नाव अलगद बाहेर काढायची, हा रोजचा रिवाज. जोरात गेलं तर नावेचा तळ फाटणार. त्या पाण्यात पोहून निघणारा आमच्यात कुणी नव्हता.

मी मागं वळून बघत होते. मामांचा हात हलला. एक, दोन, तीन. इंजिन तसंच धडधडतंय. पुन्हा तीनदा. काही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: बूट! त्या जाड रबरातून दोरी कळणार कशी? मी "मिस्त्री, मिस्त्री" म्हणून किंचाळले, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. अकरा जणांना मी बुडवलं, एवढंच मनात आलं. मामांनी मात्र दोरी ओढणं सोडून दिलं, सुकाणू काखेत दाबलं आणि दोन्ही हातांनी बांबू उचलला.

आणि इंजिन थांबलं. आपलं आपणच.

एकदम पाण्याचा आवाज ऐकू आला. मामांनी बांबू रोवला, नावेची कूस खडकाला खरवडत गेली आणि नाव बाहेर निघाली. तान्हं तेवढ्यात जागं होऊन रडायला लागलं. त्याचं रडणं ऐकून मलाही रडू फुटलं.

काठावर उतरल्यावर मी मिस्त्रीला विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"विडी, बाई. निघताना पेटवतो, ती बोटाला चटका द्यायला लागली की खडक येतात. तवा मामा तीनदा ओढतातच. आज चटका बसला, पण दोरी काय आली न्हाई."

"मग मामाच विसरले असतील, असं नाही वाटलं?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मीच ओशाळले. "मामा इसरतील व्हय? म्हटलं, आपलाच पाय मेला, अन् केलं इंजिन बंद."

"आणि तुम्ही?" मी मामांकडं वळले. "इंजिन बंद होईना, तरी एक शिवी नाही दिलीत?"

"बंद करत न्हाई म्हंजी त्याला काय तरी नड असंल," मामा म्हणाले. "म्हटलं, आपण बांबूनं बघावं."

ज्यांची चूक नव्हती ते दोघं एकमेकांना दोष द्यायला तयार नव्हते, आणि जिची होती ती मी गालावरचं पाणी पुसत उभी होते. मी हात जोडून म्हटलं, "चुकलं माझं." दोघांनीही ते मनावर घेतलं नाही.

मामा चिखलात खाली बसले. मिस्त्रीचे बूट त्यांनी स्वतः ओढून काढले, माझ्या हातात दिले. त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला. मिस्त्री संकोचून मागं सरकला, "अहो मामा, पाय कशाला..." पण मामांनी सोडला नाही. धोतराच्या सोग्यानं अंगठा पुसला, सुतळी दोनदा गुंडाळून गाठ मारली आणि हलकेच ओढून बघितली.

"आली?"

"आली," मिस्त्री म्हणाला.