ट्रकच्या मागची थाप

उन्मेष ट्रक चालवतो, हे त्याच्या घरात मोठ्याने बोललं जात नसे. पणजोबा संस्थानच्या कचेरीत, वडील शरच्चंद्र शाळेचे हेडमास्तर, आणि चिरंजीव स्टिअरिंगवर! बडोद्यात मांजलपूरच्या सोसायटीत कुणी विचारलं की आई निरुपमाबाई सांगत, "उन्मेष ट्रान्सपोर्टमध्ये आहे." तसं ते खोटंही नव्हतं म्हणा.

त्याला ट्रक शिकवला तो तरसालीच्या प्रतापरावांनी. डोळ्यांनी दगा दिला, लायसन गेलं, तेव्हा हा जुना ड्रायव्हर आपल्याच चेल्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढला. त्याचा कमीपणा त्यांनी कधी मानला नाही. शिव्या मात्र मालकाच्या थाटात द्यायचे. जड पेट्या एका अंगाला लागल्या, तर हमाल कितीही कुरकुरोत, सगळा माल पुन्हा उतरवायला लावायचे.

गाडी मागे घेताना तर त्यांचं राज्य. मागच्या कोपऱ्याशी उभं राहून ते पत्र्यावर थाप मारत आणि अस्सल बडोद्याच्या थाटात ओरडत, "आवा दे, आवा दे!" म्हणजे येऊ दे, मागे येऊ दे. उन्मेषला त्यांनी एकच घोकवलं होतं. "थाप चालू, तोवर ये. थाप बंद, की ब्रेक. मग मी पुन्हा मारेपर्यंत जागचं हलायचं नाही. दोघंही हलायला लागले की माणूस चाकाखाली जातो. कळलं?"

उन्मेषला कळलं होतं. इतकं नीट कळलं होतं, हेच तर दुर्दैव.

मागच्या उन्हाळ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तो भर दुपारी गाडी माल चढवायच्या धक्क्याला लावत होता. थाप पडत होती, आणि एकाएकी थांबली. उन्मेषने ब्रेक दाबला. काका कुणाशी तरी गप्पा मारत असतील, नाहीतर तंबाखू मळत असतील. तो थांबला. मग चिडून हॉर्न दिला. "काका, झोपलात की काय?" मोबाईल उघडून बसला. पुन्हा हॉर्न दिला, जरा लांबलचक. शेवटी धक्क्यावरचा हमाल ओरडत पुढे आला, तेव्हा तो खाली उतरला.

प्रतापराव मागच्या चाकापासून हातभर अंतरावर आडवे पडले होते. हार्ट अटॅक. दवाखान्यात डॉक्टर सहज बोलून गेले, "थोडं आधी आणायला हवं होतं." ते वाक्य उन्मेषच्या डोक्यातून काही केल्या गेलं नाही.

लोकांनी मात्र फक्त ते हातभर अंतर पाहिलं. जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला तेव्हा मालक यशराजभाईंनी त्याला शाल-नारळ दिला. "थाप थांबली तसा ब्रेक! ड्रायव्हर असा पाहिजे!" ज्या वडिलांनी आजवर त्याची गाडी पाहिली नव्हती, ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांसाठी उन्मेष उभं आयुष्य झुरला होता. आता त्या कानांत गेल्या आणि त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

प्रतापरावांच्या तेराव्याला तो तोंड शिवून बसला होता. सत्कार संपताच मात्र शाल घेऊन तो तडक तरसालीला गेला. प्रतापरावांच्या बायकोला, कमलाकाकूंना सांगायचंच, मग त्यांनी दारातून हाकलून दिलं तरी चालेल, असं त्याने ठरवलं होतं.

काकूंनी शाल प्रतापरावांच्या फोटोपुढे ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू थांबलास म्हणून माणूस अख्खा घरी आला रे. शेवटची आंघोळ तरी नीट घालता आली."

"काकू, मी थांबलो, पण खाली उतरलो नाही," उन्मेष एका दमात म्हणाला. "मला वाटलं, गप्पा मारताहेत. मी हॉर्न वाजवत बसलो. तेव्हाच उतरलो असतो तर…"

काकूंचा हात त्याच्या डोक्यावरच राहिला. त्यांनी विचारलं,

"म्हणजे तू हॉर्न देत होतास, तेव्हा त्यांना ऐकू येत असेल का रे?"

 या प्रश्नापासूनच उन्मेष इतके दिवस पळत होता.