तुतीएवढी गाठ
सलूनच्या आरशापुढे तुरटीचा खडा दिसला की मला टोकावड्याचं सासरचं अंगण आणि मुलीचं जावळ आठवतं. ती दहा-अकरा महिन्यांची होती आणि तिच्या कानाच्या वर तुतीएवढी लालभडक, मऊ गाठ होती. डॉक्टर म्हणाले होते, रक्तवाहिन्यांची साधी गाठ आहे, औषधाने हळूहळू बसेल. फक्त गाठ कापली जाऊ देऊ नका, रक्त लवकर थांबणार नाही. औषध उपाशीपोटी बाधू शकतं, म्हणून मी पोटभर दूध पाजूनच तिला ते द्यायचे आणि मग तिचा श्वास बघत बसायचे. पण जावळ वर्षाच्या आत व्हायलाच हवं, यावर सासूबाई अडून होत्या. रिवाजाप्रमाणे मामा म्हणून माझा भाऊ तिला मांडीवर घेऊन बसला. न्हाव्याचा वस्तरा कानाकडे सरकला तसा त्याने गाठीवर अलगद अंगठा ठेवला. तेवढ्यात मुलीने मान झटकली आणि तिच्या गालावरून रक्ताचा ओघळ उतरला. मी धावत जाऊन त्याच्या अंगठ्यासकट गाठीवर पदर दाबला. पदर भिजत गेला. “तिला काय नाय झालं गो,” भाऊ हळूच म्हणाला, “सोड आता, अंगठा माझा कापलाय.” त्याने अंगठा सोडवून घेतला, न्हाव्याने त्याच्या जखमेवर तुरटी घासली, तरी मी गाठीवरचा पदर सोडला नव्हता. आता मुलीच्या वेण्या घालताना ती जागा बोटांना सापडतसुद्धा नाही. भाऊ आला की मात्र माझी नजर आधी त्याच्या अंगठ्यावरच्या पांढऱ्या व्रणावर जाते.