सरकारी अहवालासाठी आणलेला जिताडा

मीरा रोडला इंटरनेट नवं होतं, तेव्हा एक पान उघडेपर्यंत शांती नगरात नवी बिल्डिंग उभी राहायची. त्या दिवसांत भाईंदरचे एक काका माझ्याकडे आले. पूर्वी आम्ही त्यांच्या चाळीत भाड्याने राहायचो. पिढ्यान्‌पिढ्या मिठागर चालवणारं घर. मिठागरांच्या जमिनींचं काय करायचं, यावर सरकारी समितीने अहवाल दिला होता आणि लवकरच सुनावणी होती.

"तेच्यात आमच्यासारक्यांचं कायतरी लिवलंय का न्हाय, तेवडं बग," काका म्हणाले. "न्हायतर तितं आमाला इचारतंय कोन?"

मी म्हटलं, "चला सायबर कॅफेत."

काका इस्त्रीचा सदरा घालून आले. बगलेत जिताडा! असा दांडगा मासा, की रिक्षात तो सीटवर आणि आम्ही दोघे त्याच्या मांडीवर.

"सायेब कुटं बसतो?" काकांनी कॅफेत शिरताच विचारलं. सरकारी कागद हवा तर साहेबाला जिताडा द्यायचा, ही त्यांच्या घरची रीत.

कॅफेचे गुजराती शेठ कांदासुद्धा न खाणारे. ते खुर्चीसकट छताला टेकून आले. "अरे अंकल, मच्छी बाहर! मशीन बंद पड जाएगा!"

जिताडा पायरीवर गेला. मी अहवालाचं नाव टाइप केलं, आणि अख्खा अहवाल समोर आला. ना अर्ज, ना शिक्का, ना 'उद्या या'. शेजारी पाण्यावरचे, शाळांवरचे, मासेमारीवरचे अहवाल. मंत्रालयातली कपाटं जणू आपल्या पायांनी चालत आली होती आणि दारं उघडून उभी होती. काकांनी गुपचूप चपला काढल्या.

"सगल्या देशाचा इचार इतं फुकट ठेवलाय? आनि राखनीला कोन न्हाय?"

अहवाल इंग्रजीत. मी शोधत गेलो, आणि सापडलं: निर्णयाआधी मिठागरांवर जगणाऱ्या कुटुंबांचं म्हणणं ऐकून घ्यावं. काकांनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, पान छापून घेतलं.

सुनावणीत काका उभे राहिले, तेव्हा साहेब म्हणाले, "आजोबा, तुम्ही नंतर भेटा."

काकांनी पान पुढे केलं. साहेबांनी वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. "हे कोणी दिलं तुम्हाला?"

"तुमीच. आता आयका."

आणि काका असे बोलले, की डोक्यावरचे पंखे थांबले. काहीजण म्हणतात वीज गेली होती. मी तिथे होतो. वीज होती.