पट्टीला कमी भरलेली खोली

२०१५ साली मी एका बाईची नोकरी घालवली. त्यासाठी फार काही करावं लागलं नाही. कागदावर फक्त पट्टी ठेवली.

डहाणूत एका इंजिनियरच्या ऑफिसात मी वीस वर्षं घरांचे नकाशे काढत होतो, ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनाने. त्या वर्षी साहेबांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर नकाशे काढायला तलासरीहून एक बाई एसटीने येऊ लागल्या. तिशीच्या, आयटीआय झालेल्या. मला काका म्हणायच्या. तेही मला खटकायचं. वाटायचं, ही आपल्याला घरी बसवायची तयारी.

ट्रेसिंगवर रेघ चुकली की ती ब्लेडने खरवडावी लागते. तिथे ओरखडा राहतो, उजेडात धरला की कागद सगळं सांगतो. पडद्यावर अख्खी भिंत सरकवली तरी मागे काही उरत नव्हतं. या बाई दिवसभरात किती चुकतात, कोणाला कळणार? त्या जेवायला उठल्या की मी पडद्यापुढे जाऊन उभा राहायचो. समजायचं काही नाही, पण रोज जायचो.

धाकटी डहाणू गावातल्या एका मासेमारी करणाऱ्या कुटुंबाच्या घराचा नकाशा त्यांनी छापला, तेव्हा मी तो गुपचूप उचलून पट्टी लावली. नकाशाच्या प्रमाणाने बारा फुटांची खोली अकरा फूट चार इंच भरली. मला आनंद झाला, हे लिहायलाच हवं.

साहेबांपुढे कागद ठेवून म्हणालो, "तुमचा कॉम्प्युटर आठ इंच खातोय."

साहेबांनी स्वतः मोजलं आणि बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "सर, पट्टी नका लावू. लिहिलेलं माप वाचा. बारा फूटच आहे."

"लिहायला काय, मी पंधराही लिहीन," मी म्हणालो. साहेब हसले. तिथेच बाईंची बाजू लंगडी पडली.

खरं तर 'मोजू नये, लिहिलेले माप धरावे' ही सूचना प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात मीच इतकी वर्षं लिहीत आलो होतो. आणि त्या दुपारी मी स्वयंपाकघरही मोजलं. नऊ फुटांचं साडेआठ भरलं. मग व्हरांडा, मग जिना. सगळं एकाच प्रमाणात कमी. चुकलेला नकाशा असा सारखा चुकत नाही. छापताना सगळं चित्रच लहान झालं होतं. मी पट्टी खणात ठेवली आणि गप्प बसलो. महिनाअखेरीला बाईंना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

पुढे नकाशे बोईसरहून करून येऊ लागले. २०१८ मध्ये साहेबांनी मलाच कॉम्प्युटर शिकायला लावलं. माझी पहिली छपाई पट्टीला तशीच कमी भरली. छापण्याच्या खिडकीत 'कागदात बसवा' अशा अर्थाच्या चौकोनात खूण होती. ती काढली, पुन्हा छापलं, माप बरोबर आलं. माझ्यावर कोणी संशय घेतला नाही. साहेबांना मी जुनी गोष्ट सांगितली, तर म्हणाले, जाऊ द्या हो, झालं ते झालं.

माझ्या त्या दोन्ही छपाया फाइलमध्ये घालून मी तलासरीला गेलो. बाई तहसील कचेरीजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून देत होत्या. माझ्या हातातली फाइल पाहून म्हणाल्या, "काय काका, परत काही मोजायला आणलंत?"

जरा बाहेर येता का, म्हणून विचारलं. रांग आहे, इथेच बोला, म्हणाल्या. रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. मी त्या खुणेचं सांगू लागलो, तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते मला माहीत आहे. तुम्हाला कधी कळलं?"

आत्ता, शिकलो तेव्हा, असं म्हणता आलं असतं.

"त्याच दुपारी," मी म्हणालो. "स्वयंपाकघर मोजलं तेव्हा. तुमचा नकाशा बरोबर होता, ताई. ते कळूनही मी बोललो नाही आणि तुमची नोकरी जाऊ दिली. मला माफ करा."