साखळीतली भाऊबंदकी

"सर, त्याला सांगा, डावा पाय पुढं टाकू नको," हरेश मला म्हणाला.

'तो' म्हणजे मनोज. तो हरेशच्या शेजारीच उभा होता. नुसता शेजारी नव्हे, हरेशचा हात हातात धरून.

मी निरोप पोचवला. मनोज म्हणाला, "सर, त्याला सांगा, आपला पाय बघ."

मी दिवेआगरला निरोप्या म्हणून आलो नव्हतो. मी कबड्डीचा स्काउट आहे. ऑफिसच्या टीममधून खेळलो, गुडघा गेला, आता दुसऱ्यांचे गुडघे बघत फिरतो. लीगच्या ड्राफ्टमध्ये सगळे संघ आळीपाळीने नवीन खेळाडू उचलतात. कोणाला उचलायचं, याची यादी माझ्यासारखे लोक आधी करतात. त्या वर्षी आम्हाला कव्हर हवा होता. कोपऱ्यातला खेळाडू चढाई करणाऱ्याचा, म्हणजे रेडरचा, पाय धरतो. कव्हर मधे उभा असतो आणि थेट अंगावर जाऊन त्याला रेषेबाहेर उडवतो. त्याला डॅश म्हणतात. अंगात थोडा माज असल्याशिवाय ते जमत नाही.

या दोघांच्या अंगात पोतंभर माज होता. हातात हात घालून, म्हणजे साखळी करून, त्यांनी त्या सकाळी म्हसळ्याहून आलेल्या चार रेडरना एकामागून एक सुपारीच्या वाडीत उडवलं. चौथ्याने पुढची चढाई करायला नकार दिला.

"हे बोलत का नाहीत?" मी मंडळाच्या सेक्रेटरीला विचारलं.

"चुलतभाऊ हायत," तो म्हणाला. त्याच्या मते एवढं उत्तर पुरेसं होतं. मग माझं तोंड बघून म्हणाला, "वादळात माड पडला. मूळ याच्या वाडीत, शेंडा त्याच्या. माड कुणाचा, यावरनं बोलणं बंद. माड कुजला, पण अजून तिथंच हाय."

मी आमचे मॅनेजर देसाई साहेबांना फोन केला.

"जोडी अप्रतिम आहे," मी म्हणालो.

"जागा एक आहे. दुसरी रेडरसाठी ठेवलीय. एकेकटे खेळव, व्हिडिओ पाठव."

एकेकटे खेळवले आणि माझी लाज गेली. हरेश एवढ्या लवकर झेपावला की रेडर बाजूला सरकला आणि हा तोंडावर पडला. मनोज तर झेपावलाच नाही. रेडर टच करून, वळून, चालत परत गेला. दुसऱ्या दोन संघांचे स्काउटही तेवढ्यात आले होते. त्यांनी वह्या मिटल्या आणि मासे खायला गेले.

साहेबांचा फोन आला. "हे अप्रतिम? मला एकही नको. तुला एखादा वाटत असेल तर संध्याकाळपर्यंत नाव सांग."

दोघंही चोवीसच्या आसपास. पुढच्या वर्षी नवीन खेळाडू म्हणून यांना कोणी विचारलं नसतं. मी हरेशला बाजूला घेतलं. "एकालाच नेता येईल. तुला नेऊ?"

"त्याला न्या," हरेश म्हणाला. "तो गेला तर वाडीत शांतता."

मनोजला विचारलं. तो म्हणाला, "त्याला न्या. रोज थोबाड बघून कंटाळा आलाय."

मला आधी वाटलं, काय हा द्वेष. मग वाटलं, लीगची जागा शत्रूला देणारा द्वेष मी तरी पाहिला नाही.

मी मनोजला विचारलं, "तुम्ही बोलत नाही, मग एकाच क्षणी झेपावता कसे?"

"तो हात दाबतो."

"आणि तू?"

"मी उलटा दाबतो. म्हंजे थांब, अजून न्हाय. मग तो थांबतो." मनोजने मान खाली घातली. "बाकी कुणाचं ऐकत न्हाय तो."

म्हणजे एकाला घाई होती, दुसऱ्याला धीर. दोन अर्धे कव्हर होते ते. मी साहेबांना कळवलं, दोन नावं घ्या, नाहीतर एकही नको. रेडरची जागा त्यांना द्या. साहेब पाच मिनिटं मला नको ते बोलले. शेवटी म्हणाले, "चुकलास तर पुढच्या वर्षी तूही वाडीत बस."

ड्राफ्टमध्ये दोघांना कोणी हात लावला नाही. त्या स्काउटांनी त्यांना एकेकटंच पाहिलं होतं ना. शेवटच्या दोन फेऱ्यांत आम्हाला दोघं आरामात मिळाले.

कॅम्पच्या दुसऱ्या दिवशी असिस्टंट कोचचा फोन आला. "सर, हा हरेश मला सांगतो, त्याला सांगा पंखा कमी कर. दोघं तळमजल्यावर एकाच खोलीत आहेत. मी तिसऱ्या मजल्यावर."

"खेळतात कसे?"

"आमचे दोन रेडर फिजिओकडे आहेत."

"मग जा आणि पंखा कमी कर," मी म्हणालो.

त्यानंतर माझ्या फॉर्मवर वजन, उंची, पकड यांच्या खाली मी पेनने एक रकाना वाढवलाय: शेजारी कोण? तो भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. वरचं सगळं नुसतं मोजलं तरी चालतं, याच्यासाठी वाडीत जाऊन चहा प्यावा लागतो.