एक जूनचे गुरुजी

गुरुजी गेल्याचा फोन त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा, कोंडीबाचा आला. शहागंजातल्या माझ्या विम्याच्या कचेरीचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. “साहेब, गुर्जी गेले हो. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला अन् खुर्चीतच मान टाकली.” मग म्हणाला, “चौऱ्याऐंशी वर्षं झाली म्हणत्यात. खरी किती, कोणाला ठावं.” दुसऱ्या कुणाला हे बोलणं विचित्र वाटलं असतं. मला वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते सांगण्यासाठीच सहा आठवड्यांनी हे लिहायला बसलो आहे.

गुरुजींची उभी हयात खुलताबादजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत गेली. निवृत्तीनंतर ते मुकुंदवाडीला मुलाकडे आले, तेव्हा स्टेशनापलीकडे ज्वारी होती. बघता बघता तिथं चार मजली इमारती आल्या आणि इमारतींच्या मागोमाग दवाखाने आले. मग एकापाठोपाठ दुष्काळाची वर्षं आली. गावात टँकरपुढे रांगा लागल्या आणि गुरुजींचे जुने विद्यार्थी, आता स्वतःच म्हातारे झालेले, एकेक करून शहरात मुलांकडे राहायला आले. गुडघे, साखर, रक्तदाब सगळं सोबत घेऊन आले. दवाखान्याचा आकडा ऐकून हबकले, की गुरुजींकडे जायचे.

आणि गुरुजी माझ्याकडे यायचे. पहिल्यांदा आले ते एका विद्यार्थ्याची पॉलिसी घेऊन. लहान अक्षरातली ती पुस्तिका त्यांनी पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचली होती, आणि लाल पेनानं तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं होतं. एवढ्या वर्षांत ती पुस्तिका पूर्ण वाचणारा माणूस मी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही ती वाचली नव्हती. “गुरुजी, तुमचं वय आता कुठल्याच योजनेत बसायचं नाही,” मी जरा चिडूनच म्हणालो. “म्हणूनच मी बाहेरचा परीक्षक,” ते म्हणाले आणि समोरची खुर्ची ओढून बसले. त्या दिवसापासून ती खुर्ची त्यांचीच झाली. खोलीभाड्याला मर्यादा आहे का, बिलातला किती हिस्सा पेशंटच्या माथी येतो, सगळं ते माझ्याकडून वदवून घेत आणि मग समोरच्या म्हाताऱ्याला त्याच्या भाषेत सांगत. जुन्या आजाराला काही काळ भरपाई मिळत नाही, त्याला ते मुरवण म्हणत. “लोणचं घातल्या घातल्या खातोस का? तसंच हे. तुझी साखर दोन वर्षं मुरू दे.” गिऱ्हाईक हसायचं आणि सही करायचं. मी तेच सांगितलं, की उठून जायचं.

फॉर्म भरताना मात्र एक गंमत व्हायची. जन्मतारीख विचारली, की एकजात सगळे म्हणायचे, एक जून. एकदा मी म्हणालो, “गुरुजी, तुमच्या गावात बाकीच्या दिवशी कुणी जन्मतच नाही का?” ते हसले नाहीत. “ती सगळी माझी अक्षरं आहेत, अनंतराव,” म्हणाले. आई-बापांना तारीख माहीत नसायची. मग शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे.

कोंडीबाचं प्रकरण याहून अवघड होतं. कागदावर त्याला सहासष्टावं पुरं झालेलं. त्याला परवडेल अशा एकाच योजनेचं दार पासष्टाला बंद होत होतं. साखर होतीच, छातीतही अधूनमधून दुखायचं. मी फॉर्म परत केला. गुरुजींनी त्या तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “हा चौसष्ट वर्षांचा आहे. दोन वर्षं मी वाढवलीत.” कोंडीबाची थोरली बहीण गंगू. तिला शाळेत यायचं होतं, पण धाकट्याला सांभाळायचं काम तिचंच. ती त्याला कडेवर घेऊन दारात उभी राहायची. गुरुजींनी चार वर्षांच्या कोंडीबाला सहाचा लिहिला आणि दोघांना एकाच दिवशी वर्गात बसवलं. गंगू चौथी शिकली ती त्या खोट्या तारखेच्या जोरावर.

मी व्यवहारी माणूस. म्हणालो, तारीख बदलून देणारे लोक आहेत इथं जवळच, पाहिजे तो दाखला मिळतो. “एक खोटी तारीख मी लिहिली,” गुरुजी म्हणाले, “तिच्यावर दुसरी तुम्ही लिहू नका.” आणि ऐन उन्हाळ्यात, पाण्याची बाटली पिशवीत टाकून, हा एकोणऐंशी वर्षांचा माणूस एसटीनं खुलताबादच्या तहसिलीत खेटे घालू लागला. गंगूबाईंना तारीख आठवत नव्हती, पण “हुरड्याच्या दिसांत झाला त्यो, म्या शेकोटीपाशी घिऊन बसायची,” एवढं पक्कं होतं. त्या धाग्यावरून जुन्या दफ्तरात जन्माची नोंद सापडली, पौषातली. शाळेच्या रजिस्टरातली तारीख बदलायला गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात जबाब दिला: सदर विद्यार्थ्याचे वय मी जाणूनबुजून वाढवून लिहिले, चूक माझी आहे.

मुलगा घाबरला. “बाबा, पेन्शनला धक्का लागला तर?”

“तर लागू दे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल केल्या. ही माझी आहे.”

कोंडीबा माझ्या कचेरीत मान खाली घालून बसला होता. “माझ्यापायी गुर्जींनी सोताला खोटं लिवून दिलं,” एवढंच पुटपुटत होता. पेन्शनला काही झालं नाही. तारीख दुरुस्त झाली, फॉर्मवर साखर आणि छातीचं दुखणं ठळक अक्षरात लिहिलं गेलं आणि पॉलिसी आली. मुरवणीची वर्षं सरली आणि नंतरच्या हिवाळ्यात कोंडीबाच्या छातीत कळ आली. दवाखान्यात विमा कंपनीच्या माणसानं फाईल उलटसुलट तपासली. वय जुळलं, आजार जुळले. ऑपरेशनला मंजुरी आली तेव्हा बाकावर बसलेल्या गुरुजींनी फक्त चष्मा पुसला. माझ्या धंद्यात मी पुष्कळ बक्षिसं घेतली, फोटो काढून घेतले. पण अभिमान कशाचा, असं कुणी विचारलं तर त्या बाकावर गुरुजींच्या शेजारी बसलो होतो, याचाच.

तेराव्यानंतर त्यांच्या सूनबाईंनी एक वही आणून दिली. “बाबा म्हणाले होते, अनंतरावांना द्या.” पानोपानी विद्यार्थ्यांची नावं आणि पुढे जन्मतारखेचे दोन रकाने, कागदावरची आणि खरी. कुठं पोळ्याचा दुसरा दिवस, कुठं नुसतं ‘आषाढात’. शेवटच्या पानावर त्यांचं स्वतःचं नाव होतं. कागदावरची: एक जून. खरी: आईला विचारायचं राहिलं.

वही आता माझ्या ड्रॉवरमध्ये असते, खुर्ची समोरच आहे. परवा तिच्यात एक बाई येऊन बसल्या, साठीच्या पुढच्या. जन्मतारीख विचारली. “एक जून,” त्या म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं. “घरात कुणी थोरलं आहे तुमच्या?”

“आई हाय की, गावाकडं. लई थकलीय आता.”

“मग आधी तिला फोन लावा,” मी म्हणालो. “फॉर्म नंतर भरू.”